मापाचा वाटाणा

आमच्या गल्लीत भाजीची हातगाडी आली की लहानूमामा आधी पायातल्या चपला काढतात, कांद्याच्या ढिगाला दोन्ही हात जोडून नमस्कार करतात आणि मगच भाव विचारतात. टोमॅटोला नाही, कोबीला नाही, फक्त कांद्याला. गाडीवाला नवा असला तर त्याला वाटतं, भाव पाडून मागायची ही राहुरीकडची काहीतरी रीत असेल. जुना असला तर तो तेवढ्यात तंबाखू मळून घेतो.

मी एकदा विचारलंच, "मामा, कांद्याच्या पाया कशाला पडता?"

"आपल्यापेक्षा पाचपट हाय त्यो," मामा म्हणाले. "मोठ्याला हात जोडायचे. आपल्यात तशी रीत हाय."

मी पिठाची गिरणी चालवते. मी किलोत विचार करणारी बाई. चार कांदे तराजूत टाकले तर किलोभर होत नाहीत, ते माझ्यापेक्षा पाचपट कशात? मग मामांनी गिरणीच्या ओट्यावर बसून मला समजावलं. जिवंत वस्तू म्हटली की ती बारीक बारीक खोल्यांची असते. त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक खोलीत डीएनएचा धागा गुंडाळून ठेवलेला असतो. कुणाचा धागा किती लांब, ते ज्याच्या त्याच्या जातीवर ठरलेलं. मामा त्या सगळ्या धाग्याला 'आतला पसारा' म्हणतात. माणसाच्या एका खोलीत जेवढा पसारा, त्याच्या पाचपट कांद्याच्या एका खोलीत.

"म्हणजे कांदा आपल्यापेक्षा हुशार?" मी विचारलं.

"न्हाई."

"जास्त जगतो?"

"कशाचा. चार म्हैन्यात उपटून पोत्यात."

"मग एवढा पसारा घेऊन करतो काय तो?"

मामांनी गुडघ्यावर उडालेलं पीठ झटकलं. मग म्हणाले, "घोळ हाय, ताई. पन खरा हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ शिरलाय तो आजतागायत निघालेला नाही. कांदा चिरताना मी आता त्याच्याकडे जरा संशयानं बघते.

लहानूमामा मूळचे अकोले तालुक्याच्या डोंगरातले. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, थोडी भातशेती. विशीच्या आत इकडे आले आणि कृषी विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केली आणि रिटायर होईपर्यंत पानं चिरत राहिले. हो, पानं. एवढ्या वर्षांत या माणसानं काय केलं असं कुणी विचारलं तर उत्तर एकच, पानं चिरली. कोवळं पान घ्यायचं, काचेच्या ताटलीत बर्फासारख्या गार औषधात ठेवायचं, कोऱ्या ब्लेडनं बारीक बारीक चिरायचं, बारीक जाळीतून गाळायचं, रंग घालायचा आणि मशीनला द्यायचं. मशीन मग कॉम्प्युटरवर डोंगरासारखी रेघ काढतं. मामा त्याला डोंगरच म्हणतात. डोंगर जेवढा उजवीकडे, तेवढा पसारा मोठा. शास्त्रज्ञ साहेब येत गेले, बदलून जात गेले, मशीनही एकदा बदललं. हात मात्र मामांचाच. जोरात चिरलं तर आतलं सगळं फुटतं, हळू चिरलं तर काही निघतच नाही, असं ते सांगतात. त्यांच्या हातचा डोंगर सुईसारखा सरळ यायचा म्हणे.

ब्लेड एकदाच वापरायचं हा प्रयोगशाळेचा नियम. मामांच्या जिवाला ते वाया घालवणं पटायचं नाही. म्हणून ब्लेडचा पहिला मान पानाचा आणि दुसरा मामांच्या दाढीचा. त्यामुळे त्यांच्या हनुवटीवर कायम कागदाचे बारीक कपटे चिकटलेले असायचे. गल्लीतली पोरं त्यांना बघून दाढीला घाबरायची.

आता मुद्द्याचं. या मोजणीत एक मेख आहे. एकटं पान मशीनला दिलं तर मशीन डोंगर काढतं, पण तो किती मोठा ते सांगत नाही. त्यासाठी ज्याचं माप आधीच ठाऊक आहे असं दुसरं पान त्याच ताटलीत, त्याच ब्लेडनं, जोडीनं चिरावं लागतं. मग दोन डोंगर येतात आणि एकावरून दुसऱ्याचं माप निघतं. मामांचं ते दुसरं पान म्हणजे वाटाण्याचं. फार पूर्वीच्या कुणा साहेबांनी त्यांना मूठभर वाटाणे दिले आणि सांगितलं, हे वाण सांभाळ, यात दुसरं बी मिसळू देऊ नको. बस. मामांनी ते वाक्य गळ्यात बांधून घेतलं. प्रयोगशाळेत उंदरांचा त्रास, म्हणून बी घरी डब्यात. दर कार्तिकात घरापुढे बारा कुंड्यांत पेरायचं, हिवाळाभर रोज सकाळी दोन कोवळी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून सायकलवर न्यायची, फाल्गुनात शेंगा वाळवून पुन्हा डब्यात. वाटाणा हिवाळ्यातच येतो म्हणून मोजणीही हिवाळ्यातच. त्यांच्या आयुष्याचं पंचांग असं वाटाण्यावर चालायचं.

"एकट्याचं माप निघत न्हाई," हे त्यांचं दुसरं वाक्य. आणि ते त्यांनी नुसतं पानांपुरतं ठेवलं नाही. माझ्याकडे चहा प्यायला बसले की म्हणणार, "ताई, घरचा घोटभर आनतो." मग घरून वाटीत आपला चहा आणून एक घोट त्याचा, एक घोट माझा, असं पिऊन निकाल देणार. माझ्या दळणाला चांगलं म्हणायला त्यांना आधी दुसऱ्या गिरणीचं चिमूटभर पीठ लागायचं. मला इतका राग यायचा की एकदा मी म्हटलं, "मामा, नवरी बघायला गेलात तेव्हा जोडीला कोण नेली होती?" मामा गंभीरपणे म्हणाले, "मावसबहीन नेल्ती."

एका लग्नात माझ्याच पंगतीला ते बसले होते. पलीकडे देवळाली प्रवऱ्याचे एक बागायतदार, अंगठ्या घातलेले, आपल्या उसाचं कौतुक सांगत होते. मामांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाले, "दादा, ऊस तुमच्यापेक्षा लई मोठा हाय. दोन घराण्यांचा पसारा एकत्र झालाय त्याच्यात, आन एकेक धागा पन दोन-दोनदा न्हाई, आठ-आठदा धा-धादा."

"मी उसापेक्षा लहान?" बागायतदार.

"उसापेक्षा, कांद्यापेक्षा, नाकतोड्यापेक्षा बी. वाईट वाटून घेऊ नका, मी पन तेवढाच हाय."

"मग आमच्यापेक्षा लहान कोण राहिलं?"

"कोंबडी," मामा म्हणाले. "तिसरा हिस्सा. भात तर आठवा हिस्सा. आमच्या डोंगरावर श्रावणात सीतेची आसवं फुलत्यात, निळी, टिचभर. त्या घराण्यात तर आपल्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्श्यावर भागवनारी झाडं हायेत. आन त्या फुलांचं काई अडत न्हाई."

बागायतदारांनी मठ्ठ्याचा पेला उचलला आणि दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले. मामा मला म्हणाले, "खरं बोललं की लोक उठत्यात." मी म्हटलं, "मामा, खरं असलं तरी माणसाला कोंबडीशेजारी बसवू नये."

माझा गोंधळ मात्र वाढतच गेला. एवढंसं फूल चाळिसाव्या हिश्श्यावर भागवतं आणि कांदा पाचपट साठवतो, हे कशाला? मामांनी मला माळ्याचं उदाहरण दिलं. काही घरांच्या माळ्यावर काहीच नसतं. काही घरांत आजीच्या काळापासूनचे डबे, फुटक्या बरण्या, एकाच पातेल्याच्या सतरा नकला. रोजच्या स्वयंपाकाला लागणारी भांडी दोन्ही घरांत सारखीच. झाडांचं तसंच. कामाचा धागा थोडा, बाकी नकलांच्या नकला. "काई झाडं टाकून देत्यात," मामा म्हणाले, "काईंना टाकवत न्हाई. का टाकवत न्हाई ते साहेबलोकांना पन पुरतं म्हाइत न्हाई." मी रात्री आमच्या मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू कांद्याच्या जातीची." मी त्यांना दोन दिवस पिठलं करून घातलं नाही.

पिठल्यावरून आता मला ते सांगावंच लागेल जे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मामांच्या बायकोला सगळे मामी म्हणायचे. नाव हौसाबाई. बाई अबोल, काटक, हसली की पदर तोंडाशी. मामा दिवसभर पानं चिरायचे आणि मामी घरी कुंड्यांना पाणी घालायच्या. मूलबाळ नव्हतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी चैत्रात मामा पुतणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेले. जाताना मामींना म्हणाले, "बी जरा सादळलंय, एक दिवस कडक ऊन दाखव आन डब्यात भर." मामींच्या दारात सकाळचं कोवळं ऊनच तेवढं येतं. म्हणून त्यांनी ते ओंजळभर वाटाणे माझ्या गच्चीवर फडक्यावर पसरले. शेजारी माझी हरभऱ्याची डाळ वाळत होती, बेसनासाठी. दुपारनंतर एकाएकी आभाळ भरून आलं, वावटळ सुटली, थेंब पडायला लागले. मी धावत गच्चीवर गेले आणि हाताला येईल ते फडकं गोळा करून एकाच घमेल्यात ओतलं. अंधारून आलेलं, वीज जाईल या धास्तीनं घाईघाईत ते घमेलं गिरणीच्या तोंडात रिकामं केलं. पाच मिनिटांत सगळं बेसन झालं.

पाऊस थांबल्यावर मामी आल्या आणि म्हणाल्या, "माझं वाटाणं कुठं हायेत, शकूताई?"

मी बेसनाच्या डब्याकडे बघितलं. मामींनीही बघितलं.  मी आयुष्यात बरंच काही दळलं, पण माणसाची अख्खी नोकरी दळायची ही पहिलीच वेळ.

मामी फडकं झटकत होत्या तेव्हा त्याच्या दुमडीतून एक वाटाणा खाली पडला. एकच. तो त्यांनी पदराला गाठ मारून ठेवला. दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार होता. आम्ही दोघी गेलो. किराण्यावाल्यांच्या पाच-सहा पालांवर फिरलो. मामी प्रत्येक ठिकाणी पदराची गाठ सोडायच्या, आपला वाटाणा तळहातावर ठेवायच्या, दुकानदाराचा वाटाणा त्याच्या शेजारी ठेवायच्या आणि डोळे बारीक करून बघायच्या. नवऱ्याचीच पद्धत. शेवटी एक दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, वाटाणे घेताय का जावई निवडताय?" त्याच्याकडचेच जुळले. ओंजळभर घेतले, त्यांचा तो एक त्यातच टाकला, आणि डबा होता तसा भरून ठेवला.

मामा गावाहून आले त्या रात्री मामींनी माझ्याच बेसनाचं पिठलं केलं, कारण घरात दुसरं काही नव्हतं. मामांनी तीनदा मागून घेतलं. सकाळी मला म्हणाले, "ताई, तुमचं बेसन औंदा लई ग्वाड हाय." खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे खाल्लं त्यांनी आणि खवखवलं मला.

त्या हिवाळ्यात वाटाणे उगवले. मामांचं वाण गुडघाभर वाढायचं. हे वेल चढत चढत कपडे वाळत घालायच्या दोरीला लागले. मी गिरणीतून बघत होते. मामा कुंड्यांपुढे उभे राहिले. दारात मामी उभ्या, हातात झाडू, चेहरा पांढराफटक. मामांनी घरातून सुतळी आणली, वेलांना बांधून दिली आणि म्हणाले, "यंदा थंडी चांगली पडली." आणि दोन पानं तोडून सायकलवर निघून गेले.

मामी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "वाचलो." आणि मग रोज जेवताना मामांना त्या सांगायच्या बेतात असायच्या आणि सांगायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "म्होरल्या दिवाळीला सांगते." अशा चार दिवाळ्या गेल्या. मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मामी गेल्या. याला आता सहा वर्षं झाली. ते न सांगितलेलं माझ्या एकटीच्या अंगावर आलं.

मामा रिटायर झाले तरी बारा कुंड्या चालूच राहिल्या. मी मनाशी म्हणायची, जाऊ दे, आता ते वाटाणे कुठे कुणाला लागणार आहेत. चोराच्या मनात चांदणं, पण चांदण्यातही झोप लागत होती.

मग या माघात एक नव्या मॅडम स्कूटीवरून आमच्या गल्लीत आल्या. तरुण, हुशार, पायात बूट. मामांच्या डिपार्टमेंटला त्या नव्यानं लागल्या होत्या. जुन्या वह्यांत प्रत्येक मोजणीपुढे मामांच्या वाटाण्याचा उल्लेख होता. मॅडमना तेच वाण हवं होतं, विद्यार्थ्यांच्या नव्या मोजणीसाठी. "मामा, पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर तुमच्या हातून घेऊ," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं एक वाण शुद्ध ठेवणं ही साधी गोष्ट नाही."

मामा लाजले. मला म्हणाले, "ताई, तुमीच चला संगं. एकट्यानं जायाला कसंतरी वाटतं."

 शुद्ध वाण म्हणे. ते शुद्ध वाण तर मी पिठल्यातून मामांनाच खाऊ घातलं होतं. आता मॅडम हे बाजारचे वाटाणे पेरणार, दोरीएवढे वाढलेले बघणार, जुन्या वह्यांत बुटकं लिहिलंय हे वाचणार, आणि भर डिपार्टमेंटात मामांना विचारणार. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी. आणि त्याहून वाईट म्हणजे मामांना कळणार की हौसाबाईनं आपल्याला फसवलं, आणि तिला जाब विचारायलाही ती आता नाही. मला दुसरीही भीती वाटली. माप देणारा वाटाणाच खोटा, तर तेव्हापासूनची सगळी मापं खोटी. कांदा पाचपट नसेल, तीनपटच असेल. कदाचित माणूस कोंबडीएवढाच असेल. जगाच्या ज्ञानात माझ्या गच्चीमुळे घोळ झाला, आणि हे निस्तरणार कोण? मी आमच्या ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "कोंबडीचं सोड, आधी मामांना सांग." आयुष्यात एकदा हा माणूस बरोबर बोलला.

रविवारी दुपारी वीज गेली. गिरणी बंद, गिऱ्हाईक नाही. मामा ओट्यावर बसून उद्याच्या कार्यक्रमाला घालायच्या सदऱ्याचं बटण लावत होते. मी समोर जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गच्ची, वावटळ, घमेलं, बेसन, बाजार. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. शेवटी मी म्हटलं, "मामा, मला काय बोलायचं ते बोला. पण मामींना काही म्हणू नका. चूक माझी होती, त्या बिचाऱ्या नुसत्या घाबरल्या होत्या." आणि मला रडू आलं.

मामांनी दोरा दातानं तोडला.

"म्हाइत हाय," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"वाटाना बदलला ते. बारा कुंड्या हुत्या. अकरा दोरीला लागल्या, एक गुडघ्याएवढी ऱ्हायली. मी जन्मभर पानं चिरली, ताई. मला माझं झाड वळखू येनार न्हाई व्हय?"

मी डोळे पुसायचे विसरले. "मग बोलला का नाही?"

"कुनाला? हौसाला? तिला इचारलं आसतं तर तिला खोटं बोलावं लागलं आसतं. खोटं बोलताना तिचं कान लाल हुयाचे. लई तरास व्हायचा तिला. कशाला." त्यांनी सदरा घडी घातला, परत उघडला. "मी दोनी पानं डिपार्टमेंटात नेली. बुटक्याचं एक, उंचाचं एक. एका ताटलीत जोडीनं चिरली. दोन डोंगर आले तर मापं चुकली म्हनायचं, साहेबांना सांगायचं आन शिक्षा घ्यायची, आसं ठरवून गेल्तो.  मशीन लावलं. एकच डोंगर आला."

"म्हणजे?"

"म्हंजे बाजारचा वाटाना आन माझा वाटाना, आतला पसारा एकच. उंच आसो, बुटका आसो, पांढरा फुलो न्हाईतर जांभळा. वाटान्याचं आसंच आसतं. समद्या जातींचं आसं नसतं, पन वाटान्याचं हाय. तवा कांदा पाचपटच हाय. तुमी घोर करू नका."

मला हसावं का रडावं कळेना. दहा वर्षं मी ज्या गुन्ह्याची टोचणी सोसली तो गुन्हा मशीनला दिसलाच नव्हता.

मामा आत गेले आणि कागदाच्या दोन पुड्या घेऊन आले. त्या एका बुटक्या झाडाचं बी त्यांनी त्याच वर्षीपासून वेगळं धरलं होतं, गच्चीवर न वाळवता, माझ्यापासून लांब, खिडकीतल्या डब्यात. ती पुडी उद्या मॅडमना द्यायची. दुसरी पुडी बाजारच्या वाटाण्याची. "ही हौसाची," ते म्हणाले. "हिचीच पानं मी रिटायर हुईस्तोवर नेली. ती सकाळी तोडून द्यायची. तिच्या हातानं आनलेलं बी, मंग ते न न्हेऊन कसं चालंल. साहेबांना मी दुसऱ्याच दिशी सांगितल्तं. ते म्हनले, डोंगर एकच आला ना, मग ने."

मी उठणार तेवढ्यात मामा म्हणाले, "बसा जरा."

मी बसले.

"बाजारात ती कशी गेल्ती? मला वाटलं हुतं घरातल्याच कुठल्या डब्यातलं टाकलं आसंल. बाजारात गेली हे मला म्हाइतच न्हवतं." त्यांनी दोन्ही पुड्या मांडीवर ठेवल्या. "तिला जाऊन सहा वर्सं झाली. लोकं येत्यात, तिच्या त्याच त्या चार गोष्टी काढत्यात. मी पन त्याच काढतो. नवी गोष्ट कुनी सांगितली न्हाई. आज तुमी सांगितली. परत सांगा. पदराची गाठ तिनं दातानं सोडली का हातानं?"

मी सांगितलं, दातानं. मग सुरुवातीपासून सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला, मामींनी त्याच्याकडे कसं बघितलं, येताना आम्ही गुळात घोळलेली गुडीशेव घेतली आणि घरी न्यायला नको, विचारतील म्हणून रस्त्यातच चिंचेखाली बसून संपवली.

"मला न्हाई ठेवली?" मामांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला संशय आला असता."

मामा हसले, पण लगेच चष्मा काढून सदऱ्याला पुसायला लागले, आणि इस्त्रीचा सदरा सगळा चुरगळून टाकला. सोमवारी तोच घालून गेले. मॅडमनी पुडीवर चिठ्ठी चिकटवली, टाळ्या झाल्या, मामांनी भाषणात एवढंच म्हटलं की ह्यात माझ्या घरच्यांचा हात हाय. लोकांना वाटलं, शिष्टाचार म्हणून म्हणाले.

आता मामा रोज संध्याकाळी गिरणी बंद करायच्या वेळेला येऊन बसतात. "त्या बाजाराचं सांगा," म्हणतात. तो बाजार दोन तासांचा होता. त्यात सांगण्यासारखं जेवढं होतं ते आठ दिवसांत संपलं. मी तेच परत सांगते आणि ते नव्यानं ऐकतात. परवा ते उठेनात, आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मामा, एक राहिलंच. नगर रस्ता ओलांडताना ट्रक आला, तशा मामी घाबरल्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं."

असं काही झालं नव्हतं. आम्ही त्या रस्त्यानं गेलोच नव्हतो.

मामांनी विचारलं, "कोनत्या हातानं धरलं?"

 मी म्हटलं, "डाव्या."

"व्हय, डाव्याच," मामा म्हणाले. "उजव्या हातात तिच्या पिशवी आसायची."